मदत हवी आहे: 'नॉक अप'ला मराठीत काय म्हणायचं? (जुनं इंग्रजी, तातडीचं)

पाटीपेन्सिल
दिवाळी अंकासाठी एक भाषांतर करतोय आणि सकाळपासून एकाच जागी अडकलोय. शब्द आहे 'नॉक अप'. मोबाइलवरच्या कोशात 'गरोदर करणे' एवढाच अर्थ दिलाय. तो इथे बसत नाही. बसवला तर फारच भयंकर होईल. संपादकांना उद्या सकाळी मजकूर हवाय. जुन्या काळी याचा काही वेगळा अर्थ होता का? थेट मराठी शब्द द्या, उगाच चर्चा नको. 'एआयला विचारा' असंही सांगू नका. विचारून झालंय, तोही बाळंतपणावरच येऊन थांबतो.

सरळवळण
वाक्य?

गुगळी
क्रिकेटमधला शब्द आहे. झटपट धावा काढल्या की नॉक्ड अप अ क्विक फिफ्टी. 'धावा कुटल्या' लिहा, चपखल बसेल.

बॅकहँड
टेनिसमध्ये सामना सुरू होण्याआधी दोघे खेळाडू हात मोकळे करायला जे चेंडू मारतात त्याला नॉक-अप म्हणतात. स्क्वॉशमध्येही. 'सराव' लिहा.

सरळवळण
धागाकर्त्याने अजून वाक्यच दिलेलं नाही आणि इथे फिफ्टी होऊन सामना सुरूही झाला. पाटीपेन्सिल, कोण बोलतंय? साल कोणतं? बोलणारा इंग्रज की अमेरिकन?

पाटीपेन्सिल
क्रिकेट नाही, टेनिस नाही. एका इंग्रज बाईने बहिणीला लिहिलेलं पत्र आहे. जुनं म्हणजे जुनं, कंपनी सरकारच्या काळातलं. एवढ्यावर सांगता येत नाही का?

आत्याबाई
मग गरोदरच असेल हो. बाई बहिणीला पत्रात दुसरं काय कळवणार? तुम्हाला लिहायला संकोच वाटतो म्हणून अर्थ बदलत नाही. 'दिवस गेले' म्हणा, सोज्वळ शब्द आहे.

वाचनवेडी
आत्याबाई, नाही. तो अर्थ अमेरिकन बोलीतला. त्याची सर्वांत जुनी नोंद 1813 च्या आसपासची, आणि तीही तिकडच्या रांगड्या भाषेतली. घरंदाज इंग्रज बाई बहिणीला तसलं लिहिणार नाही. त्या 'इन द फॅमिली वे' असं आडवळणाने लिहायच्या.

इंग्लंडात तेव्हा 'नॉक्ड अप'चा रोजच्या बोलण्यातला अर्थ होता थकून गळून जाणे. जेन ऑस्टेनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये (1814) फॅनी भर उन्हात गुलाब तोडते, वर मावशीच्या घरी पायी खेपा घालते आणि डोकं धरून बसते. त्यावर तीच मावशी, मिसेस नॉरिस, ऐकवते की फॅनीने नियमित व्यायाम ठेवला असता तर ती इतक्या लवकर 'नॉक्ड अप' झाली नसती. आता मोबाइलवरच्या कोशातला अर्थ घालून हे वाक्य वाचून बघा.

गुगळी
😂😂 व्यायामाचा असाही उपयोग!

मँचेस्टरकर
वीस-बावीस वर्षं इंग्लंडात राहतोय म्हणून ठामपणे सांगतो, ब्रिटिश नॉक अप म्हणजे दार ठोठावून झोपेतून उठवणे. आजही इथली म्हातारी माणसं 'सकाळी सहाला नॉक मी अप' म्हणतात आणि समोर अमेरिकन पाहुणा असला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. हा अर्थ थकण्याच्या अर्थाहून जुना, 1660 च्या दशकापासूनचा आहे.

लँकेशायरच्या कापड गिरण्या सुरू झाल्यावर तर यावर एक धंदाच उभा राहिला, 'नॉकर-अप'. कामगारांकडे गजराची घड्याळं नसायची. मग हा माणूस, कितीतरी ठिकाणी बाईच, पहाटे लांब बांबूच्या टोकाने वरच्या मजल्याची खिडकी वाजवत फिरायचा आणि आठवड्याला काही पेनी घ्यायचा. गस्तीवरचे पोलीसही वरकमाई म्हणून हे काम करत. पूर्व लंडनच्या मेरी स्मिथचा फोटो तर प्रसिद्ध आहे. ती फुंकनळीतून खिडकीच्या काचेवर सुके वाटाणे मारायची. डरहॅमकडच्या फेरीहिलमध्ये खाणकामगारांच्या घरांच्या बाहेरच्या भिंतीत पाटीचा दगड बसवलेला असे. त्यावर खडूने पाळीची वेळ लिहून ठेवायची, म्हणजे उठवणारा त्या वेळी येऊन उठवणार. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्येही मिस्टर वॉप्सलना असं नॉक अप केल्यामुळे ते चिडलेले दाखवलेत. तेव्हा उत्तर 'उठवणे'. विषय संपला.

परळ_ते_लालबाग
वा मँचेस्टरकर! आमच्या गिरणगावात हे काम भोंगा करायचा. पहिला भोंगा झाला की आजोबा उठायचे, दुसऱ्याला बाहेर पडायचे. कोणत्या गिरणीचा भोंगा कोणता हे आजी आवाजावरून ओळखायची. तुमच्याकडे माणूस खिडकीशी येऊन उठवायचा, आमच्याकडे अख्ख्या वस्तीला एकदमच.

निरूपण
आपल्याकडे त्याआधीपासून वासुदेव होता. पहाटे टाळ-चिपळ्या वाजवत दारी यायचा. तोच आपला मूळ नॉकर-अप.

सरळवळण
वासुदेव दान मागायला येतो हो, पाळीला उठवायला नाही. धागा कुठे चाललाय?

वाचनवेडी
मँचेस्टरकर, वॉप्सलचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. सहावं प्रकरण काढून बघा. तुरुंगजहाजातून पळून दलदलीत लपलेल्या कैद्यांच्या मागे शिपायांबरोबर वणवण करून ही मंडळी रात्री परत येतात. लहानगा पिप तर ज्योच्या पाठीवर झोपलेला असतो. वॉप्सल झोपलेले नसतात, त्यामुळे त्यांना कुणी उठवायचा प्रश्नच नाही. ते दमून चिडलेत. ही कादंबरी 1860-61 सालची. म्हणजे ऑस्टेननंतर जवळपास अर्धं शतक लोटलं तरी थकण्याचा अर्थ चालूच होता.

मँचेस्टरकर
डिकन्सचं बाजूला ठेवा. एका उदाहरणाने चालू वापर खोटा ठरत नाही. मी रोज ऐकतो ते सांगतोय.

वाचनवेडी
तुम्ही रोज ऐकता ते आत्ताचं इंग्रजी. प्रश्न कंपनी सरकारच्या काळातल्या बाईचा आहे.

कांगारूंच्या_देशी
मी मेलबर्नला असते. एकोणिसाव्या शतकात इथले इंग्रज शोधक वाळवंटात मोहिमा काढायचे. त्यांच्या रोजनिश्यांत घोडे 'नॉक अप' झाल्याच्या नोंदी सारख्या येतात. पाणी नाही, चारा नाही, घोडा पुढे पाऊल टाकेना, की झाला नॉक अप. तिथे ना कुणी गरोदर असतं, ना कुणी दार वाजवत असतं. माझं मत वाचनवेडींना. (इथल्या मूळ रहिवाशांच्या इंग्रजी बोलीत थकण्याचा हा अर्थ आजही ऐकू येतो.)

खिळेजुळारी
आमच्या धंद्यातला अर्थ कुणीच दिला नाही. छपाईनंतर कागदांचा गठ्ठा टेबलावर उभा-आडवा ठोकून त्याच्या कडा एका रेषेत आणतात. बाइंडिंगवाल्या इंग्रजी पुस्तकांत त्याला नॉकिंग अप म्हणतात. गठ्ठा नीट ठोकला नाही की कटिंगला मजकूरच कापला जातो. हल्लीच्या मुलांना हे ठाऊक नाही, मशीन थरथरवून करून देतं.

गुगळी
काका, बाई बहिणीला गठ्ठा ठोकल्याचं कळवेल?

खिळेजुळारी
बाईचं मला माहीत नाही. शब्दाचा अर्थ विचारला, सांगितला.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार, पण गोंधळ वाढलाय. 'थकले' घातलं तर एका ठिकाणी बसतं, दुसरीकडे हास्यास्पद होतं. 'उठवलं' घातलं की उलट.

सरळवळण
दुसरीकडे म्हणजे?? शब्द दोनदा आलाय?

पाटीपेन्सिल
हो, त्याच पत्रात, त्याच पानावर. एकच शब्द आहे म्हणून दोनदा लिहिलं नाही.

सरळवळण
अरे देवा. दोन्ही वाक्यं टाका. आणि साल.

पाटीपेन्सिल
पत्र 1826 चं, मुंबईहून पुण्याला जातानाचं. सगळं टंकत बसत नाही, मतलब सांगतो. पहिल्या ठिकाणी: कॅम्पूलीला पोचेपर्यंत बेअरर लोक अगदीच नॉक्ड अप झाले होते, म्हणून तिथेच थांबावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी: वर खंडाळ्याला एका बंगल्यात मुक्काम, तिथे कॅप्टनसाहेबांनी यांना पहाटे तीनला नॉक्ड अप केलं, कारण उन्हं चढायच्या आत निघायचं होतं. बेअररला मी 'वेटर' लिहिलंय.

वाचनवेडी
!!!

घाटवाट
वेटर? अहो, ते पालखीचे भोई! 1826 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता कुठला? तो सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना 1830 मध्ये खुला झाला. त्याआधी साहेबलोक मुंबईहून होडीने पनवेलला उतरायचे आणि पुढे पालखी, मेणा नाहीतर घोडा. खांदे द्यायला भोयांच्या जोड्या असत. मधल्या टप्प्यांवर ताजे भोई ठरवून ठेवले तर त्याला 'डाक बसवणं' म्हणत. तुमच्या बाईची डाक बसलेली नसणार, तेच भोई पनवेलपासून आले असणार, म्हणून ते कोलमडले.

आणि कॅम्पूली म्हणजे खोपोली. घाटाचा पायथा. पुढे सगळी उभी चढण. पत्रात तळ्याचा आणि देवळाचा उल्लेख आहे का? नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि वीरेश्वराचं देऊळ तिथे आहे. जुन्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात कॅम्पूलीचं तळं हमखास येतं.

पाटीपेन्सिल
तळं आहे. पण मी ते विचारलं नव्हतं. 'कॅम्पूली' तसंच ठेवलं होतं, कोकणातलं एखादं गाव असेल म्हणून. बदलतो. भोईही करतो. आता नॉक अपचं सांगा.

मँचेस्टरकर
दुसऱ्या वाक्यात 'उठवलं'. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

वाचनवेडी
आणि पहिल्या वाक्यात 'थकले'. मीही पहिल्यापासून तेच सांगतेय. फक्त भोयांना 'थकले' फार मवाळ होईल. तिने 'अगदीच' म्हटलंय. भोई मेटाकुटीला आले, भोयांनी हाय खाल्ली, असं काहीतरी.

माणदेशी
हाय खाणं वेगळं बाई, त्यात मन खचतं. हितं अंग खचलंय. आमच्याकडं बैल असा झाला तर 'बैल बसला' म्हणत्यात. मग कितीबी चाबूक मारा, उठत न्हाई. माणसाला 'पिट्टा पडला' म्हणायचं. खांद्यावर वझं घेऊन कोसाकोसाला पळणाऱ्याचा पिट्टाच पडतो.

वाचनवेडी
पिट्टा पडला! माणदेशी, यापुढे बोलायलाच नको. पिटण्यातून आलेला शब्द आहे, आणि तिकडेही 'नॉक'च्या मुळाशी ठोकणंच. दमल्याला मार खाल्ल्याची उपमा दोन्हीकडे.

आत्याबाई
इंग्रज बाईच्या तोंडी 'पिट्टा पडला' शोभतं का? ती मडमीण, काही शेतात कामाला जात नव्हती.

वाचनवेडी
ती सगळं पत्र मराठीतच बोलणार आहे ना आता? आणि 'नॉक्ड अप' हे काही राजदरबारातलं इंग्रजी नव्हे, घरातलं सैल बोलणं आहे. 'अतिशय श्रांत झाले' लिहिलंत तर तिचा सूरच मरेल.

सरळवळण
पाटीपेन्सिल, पुढच्या वेळेसाठी: अशा जुन्या मजकुराला मोबाइलवरचा कोश वापरू नका. त्यात आत्ताचा आणि बहुतेक अमेरिकन अर्थ आधी येतो. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा आहे, म्हणजे तुमच्या बाईच्या जवळपासच्या काळातला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर चाळता येतो. त्याच्या इंग्रजी अर्थांमध्ये शब्द शोधायचा, म्हणजे त्या काळच्या इंग्रजांना कोणत्या मराठी शब्दापुढे तो इंग्रजी शब्द सुचला ते दिसतं. उलट्या दिशेने जायचं.

घाटवाट
दुसऱ्या वाक्यात 'दार ठोठावून' घालणार असाल तर बंगलाच आहे ना ते पुन्हा बघा. तंबू असला तर ठोठावणार काय?

पाटीपेन्सिल
बंगलाच आहे. तर असं केलंय:
'खोपोलीला पोचेतो भोयांचा पार पिट्टा पडला, तेव्हा तिथेच मुक्काम करणं भाग पडलं.'
'पहाटे तीनलाच कॅप्टनसाहेबांनी दार ठोठावून आम्हाला उठवलं.'
ठीक आहे का? लवकर सांगा.

वाचनवेडी
उत्तम. पाठवून द्या.

मँचेस्टरकर
दुसरं उत्तम.

पाटीपेन्सिल
थांबा, पुढच्याच पानावर आणखी एक. पुण्याला पोचल्यावर साहेबांनी स्वयंपाक्याला 'टर्न्ड ऑफ' केलं म्हणे. स्वयंपाक्याला बंद कसं करणार?

वाचनवेडी
कामावरून काढून टाकलं. नोकरांच्या बाबतीत त्या काळी हेच म्हणत.

घाटवाट
किंवा फासावर चढवलं. गुन्हेगाराला शिडीवरून ढकलत, त्यालाही 'टर्न्ड ऑफ'च म्हणायचे.

पाटीपेन्सिल
यातलं नक्की कोणतं? संपादकांचा फोन येतोय.

सरळवळण
पुढे पत्रात स्वयंपाकी परत कुठे आलाय का ते बघा. आणि या वेळी अख्खं वाक्य टाका.