मुलीची पोटगी तात्पुरती कमी करून घ्यायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहतो. ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीने आमचा घटस्फोट झाला, त्यात मुलीसाठी दरमहा १८,००० ठरले. एकही महिना चुकवलेला नाही. जूनमध्ये कंपनीने माणसं कमी केली, त्यात माझी नोकरी गेली. दोन महिने शिल्लक मोडून पूर्ण रक्कम दिली. आता जेमतेम ८,००० जमतील.

तिची आई समजूतदार आहे, ‘जमेल तसं दे’ म्हणाली. पण तोंडी बोलण्याने कोर्टाचा आदेश बदलत नाही, थकबाकी साचतच जाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली रक्कम बदलून मागता येते आणि सोबत उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र लागतं, एवढं वाचलंय.

दोघांच्या सहीने अर्ज दिला तर लवकर काम होतं का? नवी रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात की आदेशाच्या? आणि विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील घेताना गेलेल्या नोकरीचा पगार उत्पन्नात मोजतात का? तोवर ८,००० बँकेतूनच पाठवतोय, म्हणजे नोंद राहील. लेक पाचवीत आहे, तिची शाळेची फी मी थांबू देणार नाही. ठाण्याच्या कोर्टात कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.