अनुभव धागा : जुने फर्निचर, घरचा रंग आणि गोव्याची हवा

पणजीहून, निमंत्रण

गेल्या दिवाळीनंतर आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले कुटुंब बदली होऊन निघाले आणि जाताना त्यांनी त्यांचे लिहिण्याचे सागवानी टेबल आम्हाला १२०० रुपयांना दिले. वरच्या फळीवर गरम भांडी ठेवून उमटलेले पांढरे गोल होते, एका खणाची मूठ नव्हती आणि चारही पाय खालून चार बोटे ओल चढून काळे पडले होते. ते टेबल मी घरीच घासून फिकट हिरव्या रंगाने रंगवले. आता माझी मुलगी त्यावर अभ्यास करते. येणारे-जाणारे हात फिरवून पाहतात तेव्हा मनापासून आनंद होतो.

हा धागा काढण्यामागे एक कारण आहे. या कामाची माहिती शोधायला बसले की जे सापडते ते बहुतेक कोरड्या हवेच्या गावांसाठी लिहिलेले असते. ‘दोन तासांनी दुसरा हात द्यावा’ हे वाक्य जानेवारीत खरे ठरेलही, पण जिथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरते, तिथे त्या वाक्यावर विसंबून चालत नाही. म्हणून गोव्यात राहून ज्यांनी जुन्या वस्तूंना घरी रंग दिला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा अशी विनंती आहे. वस्तू कोणती होती, लाकूड कोणते होते, कोणता रंग कोणत्या महिन्यात दिला आणि काय बिघडले, हे सारे यावे. बिघडलेलेही संकोच न करता लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करते. मी रंगाचा डबा उघडण्याआधी नऊ दिवस घालवले. जुन्या पॉलिशवर वर्षानुवर्षे हातांचे तेल आणि मेण बसलेले असते व त्यावर रंग धरत नाही. त्यामुळे आधी सोड्याच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसले, मग स्वच्छ पाण्याने पुसले आणि दोन दिवस वाळू दिले. नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवला व शेवटी २२० चा. फळीवर पाण्याचा थेंब सोडून पाहत होते. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर मेण अजून शिल्लक आहे आणि पसरून फळी ओली करू लागला तर ती अस्तराला (प्रायमरला) तयार आहे, असे समजायचे. माझ्या फळीच्या मधोमध तिसऱ्या दिवशीही थेंब उभाच राहत होता, तेव्हा टर्पेंटाइनने पुन्हा पुसावे लागले. मग अस्तराचा एक हात, खाचांत लांबी (पुट्टी) भरून पुन्हा घासणे आणि पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचे तीन पातळ हात दिले. दर दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस ठेवला. तो डिसेंबर होता, म्हणून एक दिवस पुरला.

फोंड्याहून

माझा अनुभव चवथीचा आहे आणि तो लिहिताना आजही जीव हळहळतो.

आमच्या घरचा गणपतीचा चौरंग जुना झाला होता, म्हणून एका नातेवाइकांकडे विनावापर पडलेला फणसाच्या लाकडाचा मोठा चौरंग मी मागून आणला. मूर्ती घरी यायला पाच दिवस होते. बाहेर संततधार होती. मी तेलाच्या इनॅमलचे दोन जाड हात एकाच दिवशी दिले आणि पंखा लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी बोट लावले तर रंग बोटाला लागत नव्हता, वर चकाकीही सुंदर आली होती. त्यावर पांढरे वस्त्र अंथरले आणि वर माटोळी (फळाफुलांची लाकडी चौकट) बांधून मूर्ती बसवली.

पाचव्या दिवशी उत्तरपूजेनंतर मूर्ती हलवली, तेव्हा वस्त्र चौरंगावरून सुटेना. हळूहळू ओढून काढल्यावर दिसले की मूर्तीच्या वजनाखाली कापडाचा प्रत्येक धागा रंगात उतरला होता, आडवे-उभे विणकाम जसेच्या तसे. काही ठिकाणी सुताचे तंतू रंगातच राहिले होते आणि नखाने दाबले तर खालचा रंग लोण्यासारखा मऊ लागत होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ते वस्त्र घडी करून बाजूला ठेवले ते मी पाहिले.

नंतर एका जाणत्या रंगाऱ्याने कारण समजावले. तेलाचा रंग नुसता पाणी उडून जावे तसा वाळत नाही, तर तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. हात जाड दिला की वरची साय आधी धरते आणि आतल्या रंगापर्यंत हवा पोचत नाही. त्यात पावसाळ्याची ओल असली की सगळेच लांबते. डिसेंबरात तो चौरंग मी पूर्ण खरवडला आणि टर्पेंटाइनने सैल केलेल्या रंगाचे तीन पातळ हात दोन-दोन दिवसांच्या अंतराने दिले. मग महिनाभर त्यावर काही ठेवले नाही. गेल्या तीन चवथी त्याच्यावर झाल्या आणि वस्त्र अलगद सुटते. माझे मत असे झाले आहे की चवथीची रंगरंगोटी मे महिन्यातच संपवावी.

वास्कोहून

फोंड्याच्या ताईंचा अनुभव वाचला. आमच्याकडे अडचण वेगळी आहे, कारण घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. या गावात बदल्यांमुळे जुने सामान सतत विकायला निघते. तसा मी एक लोखंडी पलंग घेतला होता. तारेच्या ब्रशने गंज काढला, रेड ऑक्साइड अस्तराचा हात दिला, वर काळा रंग दिला. सहा महिन्यांत पायांवर वाटाण्याएवढे फोड उठले. एक फोड फोडला तर आत पाण्याचा थेंब होता आणि त्याखाली ताजा गंज.

चूक ही झाली होती की गंज घासला, पण लोखंडावर बसलेले मीठ धुतले नाही. रंगाखाली राहिलेले मीठ ओल ओढून घेते आणि गंज पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या वेळी मी पलंग चकाकेपर्यंत घासून गोड्या पाण्याने दोनदा धुतला, लगेच फडक्याने कोरडा केला, तासभर उन्हात तापवला आणि त्याच दुपारी अस्तर लावले. रात्रभर उघडा ठेवला असता तर खाऱ्या हवेने तो सकाळपर्यंत पुन्हा तांबूस झाला असता. आता चार वर्षे झाली आहेत. पायांच्या पोकळ नळ्यांची खालची तोंडे मात्र रबरी टोप्यांनी बंद करावीत, कारण फरशी पुसताना तिथूनच पाणी चढते.

मडगावहून

मी लिहावे की नाही याचा विचार करत होतो, कारण माझ्या हातून रंगवण्याऐवजी न रंगवण्याची गोष्ट शिकणे झाले.

एका जुन्या घराची आवराआवर चालू असताना तिथून मी आरशाचे ड्रेसिंग टेबल आणले. ते इतके काळपट आणि चिकट होते की लाकूड दिसतच नव्हते. पत्नीला पांढरे हवे होते, म्हणून घासून पांढरे अस्तर व पांढरा रंग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्यावर गुलाबी-तपकिरी डाग उमटले होते, जणू कोणी चहा सांडला आहे. आणखी एक हात दिला, डाग पुन्हा वर आले. तिसऱ्या हातानंतरही तेच झाले. तेवढ्यात खिडकीच्या कामाला आलेल्या मेस्तांनी (सुतारांनी) खण बाहेर काढला, उलटा करून खालची बाजू नखाने खरवडली, वास घेतला आणि म्हणाले, “हे शिसव आहे. याला रंग कशाला दिलात?”

शिसवीसारख्या लाकडांत मुळातच रंगद्रव्य आणि तेल असते. ते पाण्याच्या किंवा टर्पेंटाइनच्या रंगात विरघळून वर येते. ते अडवायचे असेल तर अस्तराआधी चपड्याच्या लाखेचा हात द्यावा लागतो. पण मी अडवले नाही. तीन आठवडे खपून सगळा रंग उतरवला. खांबावरच्या कोरीव पानांतला पांढरा रंग दातांच्या ब्रशने आणि बांबूच्या काडीने एकेक पान करून काढावा लागला. आता त्यावर फक्त पॉलिश आहे आणि खिडकीतून ऊन आले की जांभळट काळ्या रेषा उठून दिसतात. कोणतीही जुनी वस्तू घरी आणल्यावर आधी तिची न दिसणारी बाजू खरवडून पाहावी, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांतून असे लाकूड अजून बाहेर पडते आहे आणि ते पुन्हा मिळणारे नाही.

कुंकळ्ळीहून

मडगावच्या दादांनी लाखेचा उल्लेख केला म्हणून थोडी भर घालतो. आमच्या गावाची लाखकामाची ओळख जुनी आहे, त्यामुळे लाख लहानपणापासून पाहिलेली. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. डाग अडवण्यासाठी एक लिटर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम चपडा पुरतो. काचेच्या बरणीत रात्रभर भिजू द्यावा, मधूनमधून हलवावा आणि जुन्या मलमलीतून गाळावा. एक पातळ हात अर्ध्या-पाऊण तासात वाळतो. पाऊस चालू असताना मात्र लावू नये, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लाख दुधासारखी पांढुरकी होते. पणजीच्या ताईंच्या टेबलावरचे पांढरे गोलही त्याच जातीचे असावेत, कारण लाखेच्या पॉलिशला गरम आणि ओले दोन्ही सोसत नाही.

डिचोलीहून

आंब्याच्या लाकडाची मोठी पेटी. कोळशाच्या भावात मिळाली आणि मी लगोलग निळी रंगवली. महिन्याभराने पेटीखाली पिठासारखा भुगा पडू लागला आणि निळ्या रंगाला टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसू लागली. भुंगेरे आतच होते, मी वरून फक्त झाकण घातले होते. शेवटी इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात वाळवीचे औषध सोडले, मेणाने तोंडे बुजवली आणि पेटी आठवडाभर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवली. हे रंगाआधी करायला हवे होते.

एक सावधगिरी सांगतो. आपल्याकडे होड्यांना व वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावतात, ते पाहून मी पेटीच्या बुडाला ते लावले. लाकडाला ते चांगलेच, पण कातडीला भाजते. माझ्या मनगटावर फोड आले होते. आणि त्या तेलावर रंग काही केल्या वाळला नाही. ते लावायचे असेल तर हातमोजे घालून, आणि जिथे रंग द्यायचा नाही तिथेच लावावे.

पेडण्याहून

वहिनीच्या बाळासाठी एका ओळखीच्या घरून पाळणा आणला होता. रंगाचे चार-पाच थर, सगळ्यात खाली पिवळा. घासायला बसणार इतक्यात थोरल्या भावाने थांबवले. जुन्या इनॅमल रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिसे असायचे. घरगुती रंगांत दशलक्षात ९० भागांहून अधिक शिसे असू नये हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. कोरडा पॉलिश पेपर मारला असता तर ती धूळ घरभर झाली असती, आणि दात येताना बाळ पाळण्याची कड चावतेच.

आम्ही अंगणात प्लास्टिक अंथरले, तोंडाला मास्क लावला, पाळणा ओला ठेवून वॉटर पेपरने घासला आणि निघालेला चिखल पिशवीत बांधला. तरीही कोरीव खाचांतला पिवळा पूर्ण निघाला नाही. म्हणून बाळाला त्यात घातले नाही. पाळण्यात आता गोधड्या असतात. बाळासाठी दुपट्याची झोळी बांधली.

कुडचड्याहून

आमच्याकडे सनमायका लावलेले साधे कपाट होते. सनमायकावर रंग धरत नाही असे सगळे सांगत, पण १८० च्या पेपरने त्याची चकाकी पूर्ण मारली, धूळ पुसली आणि गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटणारे खास अस्तर दिले, तर धरतो. ते अस्तर मी तीन दिवस वाळू दिले. त्यावर चुन्यासारखा पांढरा आणि वर जांभ्या दगडाच्या लाल रंगात कावीच्या नक्षीची वेल काढली. खरी कावी भिंतीच्या ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन, तो कोरून काढायची असते. कपाटावर ती फक्त साच्याने उतरवता येते, हा फरक मला मान्य आहे. साच्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म कापली. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून ठिपके देत गेले की रंग साच्याखाली पसरत नाही. एका दारावरची वेल पसरली, ती पुसून पुन्हा काढली. दुसऱ्या दारावर चार फुले झाली आहेत आणि मधला मोर अजून बाकी आहे.

पणजीहून

कुडचड्याच्या ताई, मोर पूर्ण झाला की नक्की कळवा. निरोपातून दोघांनी वेताच्या खुर्च्यांबद्दल विचारले आहे. विणलेल्या वेताला जाड रंग देऊ नये, कारण बसल्यावर वेत वाकतो आणि रंग तडकून पोपडे सुटतात. फक्त लाकडी चौकट रंगवावी आणि वेताला कागद लावून झाकावे. सैल पडलेला वेत न तुटलेला असेल तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने चांगला भिजवून उन्हात ठेवावा. वाळताना तो आखडून पुन्हा ताठ होतो. माझ्या दोन खुर्च्या अशाच ताठ झाल्या आहेत आणि त्यांच्या चौकटींना अस्तराचा हात काल सकाळी दिला.