मदत हवी आहे: जर्मन वाक्यात 'गेस्टर्न' (काल) कर्माच्या आधी की नंतर?

नमस्कार मंडळी, दादरला जर्मनचा क्लास लावलाय, बी१ या मधल्या पातळीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. क्रियापद दुसऱ्या जागी हे पक्कं बसलंय. कधी, का, कसं, कुठे हा 'टेकामोलो' क्रमही जमतो: 'इश फारे हॉयटे वेगन देस रेगन्स मिट डेम त्सूग नाख ठाणे.' (मी आज पावसामुळे ट्रेनने ठाण्याला जाणार.) 'हॉयटे' (आज) सुरुवातीला आणलं की 'हॉयटे फारे इश', तेही ठीक.

अडतं ते कर्म आलं की. 'इश हाबे एस गेस्टर्न गेकाउफ्ट' (मी ते काल विकत घेतलं) यात सर्वनाम आधी, हे समजलं. पण 'इश हाबे दास बूख गेस्टर्न गेकाउफ्ट' आणि 'इश हाबे गेस्टर्न दास बूख गेकाउफ्ट' ही दोन्ही (मी ते पुस्तक काल विकत घेतलं) बरोबर आहेत म्हणे! मग कुठलं कधी वापरायचं? आपल्याकडे 'पुस्तक मी काल घेतलं' म्हटलं की जोर बदलतो, तसंच आहे का? 'दास'ऐवजी 'आइन बूख' (एक पुस्तक) असेल तर 'गेस्टर्न' आधीच घ्यावं असं मला वाटतं, पण कारण नीट सांगता येत नाही. मला पाठांतर नको, कारण हवंय.

शिवाय 'निश्ट' (नाही) या सगळ्यात कुठे बसवता? जर्मन शिकवणाऱ्या किंवा तिकडे राहणाऱ्या कुणी दोन-चार रोजची वाक्यं देऊन समजावलं तर फार बरं होईल.