छोटा ड्रोन हातावरून उडवणं आणि हातावर उतरवणं, बोटं शाबूत ठेवून कसं करायचं?

धुळाक्षर:
माझ्याकडे २४९ ग्रॅमच्या आतला घडीचा ड्रोन आहे, घेऊन दोनच महिने झालेत. मी उडवतो तिथे एकतर गुडघाभर गवत नाहीतर भुसभुशीत धूळ, परवा टेकऑफला एक पातं गवतात अडकलं आणि ड्रोन जागच्या जागी उलटा. म्हणून हातावरून उडवायचंय. उडवणं जमेल असं वाटतं, पण उतरवताना खाली हात धरला की तो वर सरकतो, परत धरला की परत वर, शेवटी बॅटरी संपत आली म्हणून झडप घालून पकडला आणि तो हातात असा काही किंचाळला की घाम फुटला. काय चुकतंय?

वारापाठी:
झडप घातलीस, तेच चुकलं. ड्रोनच्या पोटाखाली सेन्सर असतात, हात खाली गेला की त्याला वाटतं जमीन एकदम वर आली, म्हणून तो वर पळतो. तू पाठलाग करू नकोस. कॅमेरा तुझ्यापासून लांब, शेपटी तुझ्याकडे, उंची डोळ्यांच्या जरा वर, हात पूर्ण लांब. उजवा तळवा सपाट, ड्रोनच्या खाली धरायचा, डाव्या अंगठ्याने थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरची ड्रोन वर-खाली करणारी दांडी, पूर्ण खाली दाबून ठेवायचा (मोड २, म्हणजे दांड्यांची नेहमीची मांडणी असेल तर थ्रॉटल डावीकडेच असतो). तो थोडा कुरकुरेल आणि येऊन बसेल. बसला तरी अंगठा उचलायचा नाही, मोटर थांबेपर्यंत दाबूनच, दोनतीन सेकंद लागतात.
आणि किंचाळण्याचं म्हणशील तर मोटर चालू असताना तू त्याला तिरका केलास, त्याला वाटलं आपण कलंडतोय, सरळ व्हायला त्याने सगळा जोर लावला. पकडताना नाही लागत रे, पकडल्यावर मोटर बंद होईपर्यंतच्या त्या दोन सेकंदात लागतं.

अर्धंबोट:
वरच्याला पूर्ण अनुमोदन, माझ्या आयडीवरून कळलंच असेल 😅 बोट आहे पूर्ण, नखाला खाच पडली होती फक्त. मी पकडला बरोबर होता पण कोणीतरी हाक मारली म्हणून वळलो, हात वळला, ड्रोन वळला. तेव्हापासून चष्मा आणि जाड हातमोजा. बघणारे हसतात, हसू देत.

सावकाश_गडी:
उडवण्याचं कोणी बोललंच नाही. सोपं आहे पण लोक घाई करतात. बोटांच्या टोकांवर खालून धरायचा, सेन्सर झाकायचे नाहीत, बोटं पात्यांच्या पातळीच्या खालीच. वारा पाठीवर घ्यायचा म्हणजे वाहवला तरी तुमच्यापासून लांब जातो. होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परत यायची जागा, नोंदला गेल्याशिवाय उडवायचं नाही. मग ऑटो टेकऑफ, तो स्वतःच वर उचलला जातो, आपण फेकायचा नाही. जोडीला माणूस असेल तर एकाने रिमोट आणि दुसऱ्याने फक्त ड्रोन, आणि "बंद" हा शब्द रिमोटवाल्यानेच म्हणायचा, तोवर दुसऱ्याने हलायचं नाही.
होडीवरून उडवत असाल तर आणखी एक, रिटर्न टू होमवर (आपोआप परत येण्यावर) विसंबू नका, होडी पुढे गेलेली असते आणि तो जिथून उडाला तिथे पाण्यावर उतरायला जातो.

पातंफोड्या:
एफपीव्हीवाल्यांनी (गॉगल लावून ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवणाऱ्यांनी) हे वाचून आपला पाच इंची पात्यांचा ड्रोन हातावर उतरवायला जाऊ नये!! त्याला पोटाखाली सेन्सर बिन्सर नसतो, एअरमोडमध्ये (थ्रॉटल शून्य असतानाही तोल सांभाळत राहणारी सेटिंग) हातात धरलात तर थ्रॉटल शून्य असूनही मोटर जोर धरतात. तो गवतात पाडा, डिसआर्म करा, म्हणजे मोटर बंद करा, मग जाऊन उचला.

धुळाक्षर:
आज सहा वेळा केलं. पहिल्या दोनदा मीच हात मागे घेतला, तिसऱ्यांदा बसला. अंगठा दाबून मनात तीन मोजले, खरंच बंद झाला. एक शंका, वाऱ्याचा जोराचा झोत असेल तर काय करता?

वारापाठी:
हातावर घेतच नाही. ड्रोनची बॅग उघडून जमिनीवर पसरतो आणि तिच्यावर उतरवतो, चार दगड कोपऱ्यांवर.