मुंबई हायवरची सप्लाय बोट ट्रॅक कशी करावी? बोटीची खात्रीशीर माहिती कुठे मिळेल?

रेवदंडेकर:
भाचा नुकताच डेक कॅडेट म्हणून सप्लाय बोटीवर चढलाय. न्हावा बेस ते मुंबई हायचं समुद्रातलं तेलक्षेत्र अशा फेऱ्या असतात. बोटी नकाशावर दाखवणारं मरीनट्रॅफिक अ‍ॅप टाकलंय, पण सारखं 'शेवटचा सिग्नल ११ तासांपूर्वी', आणि इकडे ताई फोन करकरून जीव खाते. २०२१ चं तौक्ते वादळ तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्यात एकाच नावाच्या तीन बोटी दिसतात! पैसे भरून सॅटेलाइटवालं पॅकेज घ्यावं का? आणि बोट केवढी, कशी, हे कुठे कळेल?

निवृत्त_इंजिनरूम:
सिग्नल गेला म्हणजे बोट गेली नाही, हे ताईंना आधी सांगा. एआयएस, म्हणजे बोटीची जागा आपोआप कळवणारी यंत्रणा, व्हीएचएफ रेडिओवर चालते, किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण ४० सागरी मैलांपर्यंतचं पकडता येतं. मुंबई हाय मुंबईपासून १६० किलोमीटरवर, म्हणजे ८५ सागरी मैलांच्या पुढे. कुलाब्याचं प्राँग्ज दीपगृह ओलांडलं की काही तासांत बोट नकाशावरून गायब होणारच.

नावाने शोधूच नका. मालक बदलला की या बोटींची नावं बदलतात. सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, भाच्याकडून तेवढा मागवा. आकडा चुकलाय का तेही कळतं: पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा; बेरजेचा शेवटचा आकडा सातव्याशी जुळला पाहिजे. उदा. ९०७४७२९: ६३+०+३५+१६+२१+४ = १३९. शेवटी ९, जुळलं.

खाडीपल्याड:
+१. नंबर मिळाला की इक्वासिस या जहाजांच्या माहितीच्या साइटवर टाका. फुकट आहे, फक्त नोंदणी लागते. टनेज, बांधणीचं वर्ष, मालक, क्लास (बोट तपासून प्रमाणित करणारी संस्था) सगळं मिळतं. डेकची जागा, बोलार्ड पुल (ओढण्याची ताकद), डीपी (बोट आपोआप एका जागी धरून ठेवणारी यंत्रणा) वगैरे मात्र मालक कंपनीच्या स्पेक शीटमध्येच बघा. अ‍ॅपवरचं 'डेस्टिनेशन' आणि ड्राफ्ट (बोट पाण्यात किती बुडालीय ते) मनावर घेऊ नका, ते बोटीवर हाताने भरतात आणि बदलायचं राहून जातं.

पॅकेज पावसाळ्यापुरतं घ्यायला हरकत नाही.

निवृत्त_इंजिनरूम:
पावसाळ्यात तर मुळीच नको! ताई रात्रभर ठिपका बघत बसतील. त्यापेक्षा कंपनीच्या ऑफिसचा चोवीस तास चालणारा नंबर घेऊन ठेवा.

रेवदंडेकर:
नंबर मिळाला, गणित जुळलं. तीनपैकी एक तर मच्छीमार बोट निघाली. 😄 आपली एएचटीएस (अँकर हँडलिंग टग सप्लाय) आहे, बोलार्ड पुल ८० टन, डीपी-२. बरी आहे ना?

निवृत्त_इंजिनरूम:
उत्तम. डीपी-२ म्हणजे एखादं यंत्र बंद पडलं तरी बोट प्लॅटफॉर्मशेजारी जागा सोडत नाही. ताईंना ऐकवायचं तर हे ऐकवा. पण एएचटीएस आहे म्हणजे नुसता सप्लाय नाही, रिग ओढणं आणि अँकर उचलणंही आलं. भाच्याला बजावून सांगा, वायरवर ताण असताना मागच्या डेकवर पाऊल टाकायचं नाही, आणि एरवीही बोसनने (डेकवरच्या मुकादमाने) हाक मारल्याशिवाय नाहीच.