मदत हवी आहे: हार्बिगचं सैन्यातलं पद मराठीत काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

मी मुलांकडून ४०० आणि ८०० मीटरची तयारी करून घेतो. त्यांच्यासाठी जर्मन धावपटू रुडॉल्फ हार्बिगवर लिहायला घेतलंय आणि एका शब्दावर अडलोय.

हार्बिग ड्रेस्डेनचा, जन्म १९१३. १५ जुलै १९३९ ला मिलानमध्ये इटलीच्या मारिओ लान्झीला मागं टाकत तो ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. आधीचा विक्रम १:४८.४ होता. एका शर्यतीत १.८ सेकंद कमी! पुढची सोळा वर्षं तो विक्रम कुणाला मोडता आला नाही. महिन्याभरातच फ्रँकफर्टला ४०० मीटर ४६ सेकंदांत. त्याचे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर वेगात छोटी अंतरं धावायला लावायचे, मग नाडीचे ठोके उतरू द्यायचे आणि पुन्हा धावायला लावायचे. आमची पोरं आज तेच करतात, म्हणून त्यांना हा माणूस कळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मग युद्ध. हार्बिग छत्रीधारी सैनिक झाला आणि ५ मार्च १९४४ ला युक्रेनमध्ये मारला गेला. वय फक्त तीस.

त्याचं पद होतं ओबरफेल्डवेबेल, म्हणजे अधिकारी नव्हे. आपल्याकडे हवालदाराच्या वर नायब सुभेदार, सुभेदार येतात, पण ते जेसीओ, म्हणजे हवालदार आणि अधिकारी यांच्या मधले, आणि जर्मन सैन्यात तसा मधला वर्गच नव्हता. सुभेदार लिहिलं तर पद उगाच मोठं होतं, नुसतं हवालदार लिहिलं तर कमी वाटतं. 'वरिष्ठ हवालदार' चालेल का? फौजेतून निवृत्त झालेल्यांनी जरूर सांगावं.

दुसरी अडचण त्याच्या साथीदाराची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ४ x ४०० रिलेत जर्मनीला ३:११.८ वेळेत कांस्य मिळालं. शेवटच्या टप्प्यावर हार्बिग, दुसऱ्यावर फ्रीडरिश फॉन श्ट्युल्पनागेल. याच आडनावाचे दोन सेनापती, ओटो आणि कार्ल-हाइनरिश, एकामागून एक जर्मनीनं व्यापलेल्या फ्रान्सचे लष्करी प्रमुख होते. कार्ल-हाइनरिशला हिटलरविरोधी कटासाठी १९४४ मध्ये फाशी झाली. नाव शोधलं की सगळीकडे हेच दोघे पुढे येतात, धावपटू मागंच राहतो.

हा धावपटू श्ट्युल्पनागेल सैन्यात अधिकारी होता का, हे शोधायचंय; जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात अधिकाऱ्यांच्या सेवापत्रिका असतात. जर्मनीतल्या कुणी तिथून प्रती मागवल्या आहेत का? अर्जात काय लिहावं लागतं, आणि जुनी जर्मन हस्ताक्षरं वाचून देणारं कुणी ओळखीचं आहे का?