मदत हवी आहे : घाटात क्लच स्लिप होतो आणि गाडी तापली की न्यूट्रल लागत नाही

गिरणाकाठ

मंडळी, १२५ सीसीची गाडी आहे. चाळीसगाव तालुक्यात शेती, सासुरवाडी कन्नडच्या पुढे, त्यामुळे औट्रम घाट पाठीशीच लागलेला. सपाटीला गाडी लोण्यासारखी चालते. घाटात मात्र तिसऱ्यावर रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. मागे खताचं पोतं किंवा सौभाग्यवती, दोन्हीपैकी काहीही असलं तरी तेच. वर पोचेपर्यंत जळका वास यायला लागतो.

दुसरी तक्रार उलटीच आहे. गाडी तापली की क्लच पूर्ण दाबूनही पहिल्या गिअरमध्ये ती पुढे सरकते. न्यूट्रल शोधता शोधता पायाचा अंगठा दुखतो. उभी असताना शेवटी इंजिन बंद करून न्यूट्रल काढावं लागतं. सकाळी गार असताना यातलं काहीच नाही.

मागची हकीकत अशी : क्लच वायर लिव्हरपाशी तुटली होती, गावातल्या मिस्तरीकडून नवी टाकून घेतली. ऑइल त्याच्या आधीच बदललेलं. दोन्ही दुखणी वायरीनंतरचीच. मिस्तरी म्हणतो पूर्ण प्लेट सेट टाका. वडील म्हणतात, वायर बदलली तर प्लेटा कशा जातील, हा पैसे काढायचा धंदा आहे. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतो. आधी काय तपासू? इंजिनाचं कव्हर स्वतः उघडण्यासारखं काम आहे का? पाने आहेत, टॉर्क रेंच नाही.

तापीकर

भो, प्लेटा गयात. इचार करू नको, सेट टाकी दे. स्लिप आणि जळका वास म्हटल्यावर तपासायचं काय उरलं? ४४-४५ डिग्रीच्या उन्हात ओझं घेऊन घाट चढणारी गाडी आहे ही, पुण्यात सिग्नलला उभी राहणारी नाही.

दहाचा पाना

तापीकर भाऊ, प्लेटा गेल्याच असतील, पण का गेल्या ते न बघता नव्या टाकल्या तर त्याही जातील.

एक गोष्ट लक्षात घ्या. वायर वापरून लांबली की लिव्हरची मोकळी चाल, म्हणजे क्लच ओढला जाण्याआधी लिव्हर सैल हलते ती, वाढते. प्लेटा झिजल्या की ती कमी होत जाते. म्हणजे जुन्या गाडीत चाल आपोआप संपत आली तर संशय प्लेटांवर घ्यायचा. तुमची वायर मात्र नवी आहे, तेव्हा चाल मिस्तरीने ठरवली. ती शून्य ठेवली असेल तर क्लच सतत थोडासा दाबलेलाच राहतो. स्प्रिंगांचा पूर्ण जोर प्लेटांवर पडत नाही. सपाटीला कळत नाही, चढावर ओझं आलं की प्लेटा घसरतात, तापतात. आतल्या लोखंडी प्लेटा तापून निळसर होतात आणि वाकतात. वाकलेल्या प्लेटा क्लच दाबला तरी एकमेकींना घासत राहतात, म्हणून न्यूट्रल लागत नाही. तुमच्या दोन उलट्या तक्रारींचं मूळ एकच असू शकतं ते असं.

आज करायचं काम : लिव्हरच्या टोकाशी चाल मोजा. १० ते २० मिमी हवी. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा मोजा. चाल बदलली तर वायर टाकीखालून किंवा हेडलाइटमागून चुकीची ओढली आहे. वायर इंजिनाकडच्या टोकाला सोडवून हाताने ओढून बघा, अडकत सरकत असेल तर तीही कारण आहे. चाल नीट करून मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ३०-३५ च्या वेगाने जाऊन एकदम पूर्ण रेस द्या. क्लच ठीक असेल तर इंजिन गुरगुरत सावकाश वेग घेईल. आवाज चढला आणि काटा तिथेच राहिला तर आत उघडावं लागेल.

ऑइल कोणतं टाकलं तेही सांगा. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असावं, ही ऑइलात बुडालेल्या क्लचच्या गाड्यांसाठीची खूण. एमबी हे स्कूटरचं. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि आपला क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो.

गिरणाकाठ

ऑइल एमए२ आहे, डबा अजून गोठ्यात पडलाय. चाल सरळ हँडलला जेमतेम कागदाएवढी, उजवीकडे वळवलं की तीही गायब! वायर हँडलच्या खालून आवळून आणलेली दिसली. मोकळी करून नीट ओढली, चाल १५ मिमी केली. सपाटीची चाचणी घेतली, तरी आवाज चढतो, पहिल्यापेक्षा कमी, पण चढतो. न्यूट्रलचं दुखणं तसंच. म्हणजे मिस्तरीही बरोबर आणि वडीलही?

दहाचा पाना

दोघेही अर्धे. आता उघडा. अवघड नाही, पण घाई नको. गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकवा म्हणजे उजवं कव्हर काढताना ऑइल फार सांडणार नाही. अर्थात ऑइल बदलावंच लागेल, त्यात जळलेला चुरा असतो. स्प्रिंगांचे बोल्ट थोडे थोडे, आडव्या-उभ्या क्रमाने सोडा. प्लेटा निघतील त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून मोबाइलने फोटो काढा.

लोखंडी प्लेट काचेवर ठेवा, खाली उजेड दिसला किंवा ती हलली तर बाद. घर्षणाच्या प्लेटांची जाडी व्हर्निअरने मोजून सर्व्हिस पुस्तकाशी ताडा. प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांत बोट फिरवा, प्लेटांच्या कानांनी खड्डे पाडले असतील तर प्लेटा तिथे अडकतात. बारीक असतील तर कानशीने साफ करता येतात, खोल असतील तर हाउसिंग बदलायचं. स्प्रिंग एक बदलायची नाही, सगळ्या. स्प्रिंगेखाली वॉशर टाकून जोर वाढवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. लिव्हर जड होते आणि स्प्रिंगांचे बोल्ट ज्यात बसतात ते ॲल्युमिनियमचे खांब तुटतात.

तापीकर

नव्या प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलात भिजत ठेव भाऊ, कोरड्या बसवू नको. ते मी सांगायचं राहिलं.

गिरणाकाठ

आणि टॉर्क रेंच नसेल तर चालेल?

दहाचा पाना

स्प्रिंगांचे बोल्ट लहान असतात, टी पान्याने दोन बोटांचा जोर पुरे, लांब दांडी लावू नका. शक्य असेल तर तेवढ्यापुरता कुणाचा टॉर्क रेंच मागून आणा. कव्हरचं पॅकिंग मात्र नवंच घ्या, जुनं चिकटवून बसवलं तर घाटात ऑइल बुटावर येईल.